अण्णांचा पोस्टमास्तर आणि आमचा सोफा

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या घरात टीव्ही एकच होता, आणि त्याच्यावरून वाद मात्र दोन देशांचे चालायचे. गुरुवारी संध्याकाळी माझ्या मुलीचा अमेरिकन विनोदी कार्यक्रम असायचा आणि रविवारी संध्याकाळी माझ्या वडिलांचा ब्रिटिश. दोन्ही अर्ध्या अर्ध्या तासाचे. दोन्हींत मागे न दिसणारी माणसं खो खो हसायची. एवढं सोडलं तर दोघांत काही म्हणजे काही सारखं नव्हतं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. मी त्यांची एकुलती एक. ते सोलापूरच्या गिरणीत इंजिनियर होते, आता निवृत्त. तरुणपणी गिरणीनं त्यांना दोन वर्षं विलायतेला शिकायला पाठवलं होतं. तिथून त्यांनी तीन गोष्टी आणल्या: छत्री, चारच्या चहाची वेळ, आणि चेहरा जराही न हलवता विनोद करायची सवय. छत्री पुढे हरवली. बाकीच्या दोन शेवटपर्यंत टिकल्या.

लोकांच्या वर्गणीवर चालणारं एक चॅनल होतं, ते जुने ब्रिटिश कार्यक्रम दाखवायचं. अण्णांना त्याचा शोध आल्यानंतर आठवडाभरात लागला. त्यांचा आवडता कार्यक्रम एका आडगावच्या पोस्टमास्तरचा. या गृहस्थाला मोठ्या शहरात बदली हवी असते. दर भागात तो अर्ज करतो, दर भागात स्वतःच्याच आगाऊपणानं तो हाणून पाडतो, आणि शेवटी पावसात भिजत त्याच पोस्टाचं कुलूप उघडत उभा असतो. त्याची बायको स्वेटर विणत असते. ती एकदा वर बघते, "पुन्हा?" म्हणते, आणि खाली बघते. संपलं. सगळे मिळून सात भाग. सात संपले की चॅनलवाले पुन्हा पहिल्यापासून लावायचे, आणि मधेच थांबवून वर्गणी मागायचे. अण्णा म्हणायचे, "आले बघ गणपतीची वर्गणी मागायला. पावतीपुस्तक कुठंय विचार त्यांना."

मुलीचा कार्यक्रम एका हार्डवेअरच्या दुकानदाराच्या कुटुंबाचा. त्या घराच्या मधोमध एक भलामोठा सोफा, आणि घरातली सगळी माणसं आपल्याकडे तोंड करून त्याच्यावर बसलेली. कोणी दारातून आत आलं की टाळ्या. मग कोणीतरी खोटं बोलतं, ते उघडं पडतं, आरडाओरडा होतो. शेवटची चार मिनिटं उरली की पियानो वाजायला लागतो. बाप मुलीच्या खोलीत जातो, पलंगाच्या कडेला बसतो आणि म्हणतो, मी चुकलो. मुलगी म्हणते, मीही चुकले. मग मिठी. मागची माणसं "ऑऽऽ" करतात.

"ह्यांचं मलम बरं आहे," अण्णा म्हणायचे. "चार मिनिटांत जखम बरी, खपलीसुद्धा राहत नाही."

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण तोंडातून निघायचं इंग्रजी. ती अण्णांबरोबर आमच्या सोफ्यावर पोस्टमास्तर बघायला बसायची, पण तिचा जीव कासावीस व्हायचा. एकदा मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते तेव्हा तिनं वैतागून विचारलेलं मला ऐकू आलं.

"आजोबा, व्हाय इज एव्हरीबडी सो मीन टु हिम? त्याची वाइफ कधी एक नाइस गोष्ट बोलत नाही."

"अगं, ती तीस वर्षं त्याच्यासाठी स्वेटर विणतीय," अण्णा म्हणाले. "आणखी काय बोलायचं?"

मला ते वाक्य ऐकू आलं. कणकेला तेलाचा हात लावता लावता ऐकलं आणि सोडून दिलं. त्या क्षणी माझा कान कुणी धरला असता तर बरं झालं असतं असं आज वाटतं.

खरं सांगायचं तर मी त्या वादात मुलीच्या बाजूची होते. अमेरिकेत येऊन मला बारा वर्षं झाली होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायका रोज फोन ठेवताना आपल्या आईला, नवऱ्याला, पोरांना "लव्ह यू" म्हणायच्या. सुरुवातीला मला हसू यायचं. मग हेवा वाटायला लागला. आमच्या घरी असलं काही बोलायची रीत नव्हती. मी पहिली आले की अण्णा म्हणायचे, "दुसऱ्या आलेल्या पोरीला ताप होता का?" सगळे हसायचे, मीही हसायची. पण आत कुठेतरी मी वाट बघत बसलेली असायची, की आता तरी हा माणूस पलंगाच्या कडेला येऊन बसेल आणि सरळ काहीतरी बोलेल.

आई गेली तेव्हाचं तर माझ्या मनातून जातच नव्हतं. ट्रंक कॉल आला होता. लाइनवर खरखर चाललेली, अण्णा ओरडून बोलत होते. "तुझी आई गेली. तुला माहितीये ना, ती स्टेशनवर नेहमी अर्धा तास आधी जाऊन बसायची. तसंच केलं तिनं." मला ते ऐकून धक्काच बसला. बायको गेली आणि हा माणूस विनोद करतो! मी पोचले ती दोन दिवस उशिरा. अण्णा डोळे कोरडे ठेवून लोकांना चहा हवा का विचारत होते. मी त्यांना तेव्हा काही बोलले नाही, पण माफही केलं नाही.

ते सगळं बाहेर आलं नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी. आमच्याकडे चार मराठी कुटुंबं जेवायला आली होती. नवीन घर बघायचं निमित्त होतं, आणि प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणला होता. अण्णा रंगात आले होते. कुणीतरी म्हणालं, "काका, घर कसं वाटलं तुम्हाला?"

"छान आहे," अण्णा म्हणाले. "इतक्या खोल्या आहेत की लेकीला भेटायचं तर अपॉइंटमेंट घ्यावी लागते."

सगळे हसले. तिथं थांबायला हवं होतं. पण एका काकूंनी विचारलं की मी नेमकं काम काय करते.

"केमिस्ट्रीत विद्यापीठात पहिली आली होती," अण्णा म्हणाले. "आता लोकांची लघवी तपासते. तीही केमिस्ट्रीच म्हणा."

हसून हसून एकाच्या हातातली वाटी सांडली. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथं आल्यावर पीएचडी सोडावी लागली होती, ते माझं दुखणं होतं, आणि अण्णांना ते पक्कं माहीत होतं. मी हातातला डाव टेबलावर आपटला.

"अण्णा, पुरे. आई गेली तेव्हाही तुम्ही जोकच केला होता. तुम्हाला रडता येत नाही, म्हणून तुम्ही दुसऱ्यांचं हसं करता. तुम्हाला कुणाचं काही वाटतच नाही."

नवरा "अगं, अगं" करत उठला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "वांग्याची भाजी छान झालीये. कुणी आणली?"

त्यानंतर ते तीन आठवडे राहिले. ठरलेल्या तारखेलाच गेले, एक दिवस आधी नाही की नंतर नाही. त्या तीन आठवड्यांत त्यांनी एकही विनोद केला नाही. मी चहा दिला की ते "थँक यू" म्हणायचे. सख्ख्या मुलीला, चहासाठी, थँक यू. विलायतेत परक्या माणसांशी बोलायचं तसं. रविवारी पोस्टमास्तर लागला तरी खोलीतून बाहेर आले नाहीत. शिकागोच्या विमानतळावर मी वाकून नमस्कार केला तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गाडी हळू चालव. बर्फ आहे."

ते गेल्यावर मला अपराधी वाटायला लागलं. अण्णांशी भांडले होते त्याच्या दसपट मी स्वतःशी भांडले. फोनवर माफी मागावी तर तीन मिनिटं ओरडून बोलायचं, त्यातली दोन "ऐकू येतंय का?" यातच जायची. पत्र लिहायला घ्यायचे, पण "ती. अण्णांस सा. न." लिहिलं की पुढचं गाडं अडायचं. आमच्या घरातल्या पत्रांत हवापाणी असायचं, माफी नसायची. सुरुवात कुठून करायची तेच मला कळेना.

मार्ग काढला मुलीनं. "आई, जस्ट से सॉरी. लाइक ऑन टीव्ही. सोफ्यावर बस आणि त्यांना सांग. आय विल टेप यू."

अण्णांनी पत्रात लिहिलं होतं की शेजारच्या वकीलकाकांनी व्हीसीआर घेतला आहे आणि गल्लीत त्यांचं वजन वाढलं आहे. मी तर आधीच अण्णांसाठी पोस्टमास्तरचे भाग रेकॉर्ड करायला लागले होते. वर्गणी मागणारे आले की पॉझचं बटण दाबायचं, ते गेले की सोडायचं, असं करत रविवारी रविवारी टीव्हीसमोर गुडघे टेकून तीन भाग स्वच्छ उतरवले. त्यांच्यामागे, त्याच कॅसेटवर, माझं बोलणं. अण्णा आधी हसतील, मन मोकळं होईल आणि मग मी येईन, असा माझा हिशोब होता.

ओळखीच्यांकडून खांद्यावर घ्यायचा तो जाडजूड कॅमेरा आणला. मुलगी कॅमेऱ्यामागे उभी राहिली आणि मी आमच्या सोफ्यावर बसले, कॅमेऱ्याकडे तोंड करून. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा मधेच वाक्य विसरले. तिसऱ्यांदा बोलले. "अण्णा, त्या दिवशी चारचौघांत मी बोलले ते बोलायला नको होतं. आईच्या वेळी मी वेळेवर पोचले नाही, तो राग माझा माझ्यावर होता. तो तुमच्यावर काढला. माझं चुकलं. तुमची फार आठवण येते." आणि मग मी रडले, चांगली मिनिटभर. मुलगी कॅमेरा बंद करायचं विसरली, तिलाही रडू येत होतं.

त्या काळी देशात जाणारं माणूस मिळालं की त्याच्या बॅगेत आपलं काहीतरी कोंबायचं, ही आमची सगळ्यांची रीत. डिसेंबरअखेरीस एक काकू निघाल्या होत्या, त्यांच्या साड्यांत ती कॅसेट गेली. देण्याआधी मी नवऱ्याला एवढंच विचारलं होतं की तिकडे वीज वेगळ्या व्होल्टेजची असते, कॅसेटला काही होणार नाही ना. तो म्हणाला, "कॅसेटला कुठे वीज लागते?" दोघंही शिकलेसवरलेले, आणि आमच्या शहाणपणाची मजल तिथंच संपली.

फेब्रुवारीत अण्णांचं पत्र आलं. मी ते गॅरेजमध्ये, कोट न काढताच उघडलं. "कॅसेट मिळाली. वकिलांकडे पाहिली. पोस्टमास्तर अजून तिथेच आहे हे पाहून बरे वाटले. प्रिंट उत्तम. इकडे थंडी कमी झाली. चि. नातीस आशीर्वाद."

मी पत्र उलटून बघितलं. मागे काही नव्हतं.

तिथं माझं काहीतरी तुटलं. मी रडले ते यांनी बघितलं, वकिलांच्या दिवाणखान्यात बसून बघितलं, आणि त्यावर लिहिलं काय, तर प्रिंट उत्तम! मला तो त्यांचा शेवटचा आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारा विनोद वाटला. नवऱ्याला म्हटलं, "झालं. मला जे करायचं होतं ते मी केलं. आता त्यांचं ते बघतील." तो म्हणाला, "अगं, एकदा फोन करून विचार तरी." मी नाही केला. माझ्या नाकावर राग नुसता बसला नव्हता, बिऱ्हाड करून राहिला होता.

पुढचे चौदा महिने मी त्यांना रीतसर पत्रं लिहिली. हवा, मुलीचे मार्क, तब्येतीला जपा. त्यांनी एकदा विचारलं, मे महिन्यात येणं जमेल का. मी लिहिलं, मुलीचा समर कॅम्प आहे, जमणार नाही. कॅम्प जुलैत होता. दिवाळीच्या फोनवर त्यांनी विचारलं, "सोफा कसा आहे?" मला वाटलं, टोमणा मारतायत. मी म्हटलं, "बरा आहे," आणि फोन मुलीकडे दिला.

वकीलकाकांचा फोन आला तो एप्रिलमध्ये. अण्णा दुपारी चहाच्या वेळी खुर्चीतच गेले होते. मी पोचले तिसऱ्या दिवशी. याही वेळी उशीर.

दहावा झाल्यावर वकीलकाका अंगणात माझ्याजवळ येऊन बसले. बोलता बोलता मी म्हटलं, "काका, अण्णांना तुमच्याकडे ती कॅसेट बघायला मिळाली, तेवढं तरी सुख."

ते अवघडले. मग म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. अगं, ती कॅसेट कधी लागलीच नाही. नुसत्या रेघा पळायच्या आणि आवाज रेड्यासारखा यायचा. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला अमेरिकेतली पद्धत वेगळी, तिकडची कॅसेट इकडच्या यंत्रावर चालत नाही. पाच मिनिटं बघून बंद केली. अण्णा आणखी दोनदा घेऊन आले, म्हणाले, बघा, आज लागतीय का."

"पण त्यांनी तर लिहिलं, पाहिली म्हणून."

"मी म्हटलं होतं, मुलीला कळवा, ती दुसरी पाठवेल. तर म्हणाले, नको. एवढी हौसेनं पाठवलीय. नाही लागली कळलं तर तिला वाईट वाटेल."

विलायतेत तयार झालेला कार्यक्रम अमेरिकेत आला, अमेरिकेच्या पद्धतीचा झाला, आणि मी तो हौसेनं सोलापूरला पाठवला, जिथं तो दिसणं शक्यच नव्हतं. आणि त्याच्यामागे दीड तासावर मी बसले होते, सोफ्यावर, रडत. मी तिथं आहे हे अण्णांना माहीतच नव्हतं. चौदा महिने ज्या उत्तराची वाट बघत मी त्यांच्यावर रुसले होते, त्याचा प्रश्नच त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. ते बिचारे माझं मन राखायला खोटं बोलले, आणि त्या खोट्याचीच मी त्यांना शिक्षा केली.

वकीलकाका उठता उठता म्हणाले, "मी मागितली होती ती कॅसेट. म्हटलं, चालत तर नाही, मी तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड करतो. पहिल्यांदाच चिडलेलं बघितलं मी त्यांना."

कॅसेट मला कपाटात सापडली, त्यांच्या पासपोर्टशेजारी, आईच्या चष्म्याच्या घराखाली. मी ती घेऊन परत आले.

नेपरव्हिलला आल्यावर पहिल्याच रविवारी ती लावली. मुलगी शेजारी बसली होती. आता ती सोळाव्या वर्षात होती. तिन्ही भाग आम्ही पूर्ण बघितले. पोस्टमास्तर तीनदा अर्ज करून तीनदा भिजला आणि बायकोनं तीनदा "पुन्हा?" म्हटलं. मग एकदम मी आले. आमचाच सोफा, आमचाच दिवा. स्वतःला माफी मागताना बघणं फार वाईट. अण्णांना वाचता येत होतं. त्यातल्या दोन ओळी जरी मी कागदावर लिहिल्या असत्या तरी कुठल्याही यंत्राशिवाय त्यांना पोचल्या असत्या. आणि मी फोनवर एकदा, फक्त एकदा विचारलं असतं, "शेवटचं बघितलंत का?" तरी पुरलं असतं. तेवढं सरळ विचारणं मलाही जमलं नव्हतं. अण्णांना येत नाही म्हणून मी ज्याच्यावर बोट ठेवलं, ते मलाही येत नव्हतं. मी त्यांचीच मुलगी.

टेप संपली. मुलीनं विचारलं, "आजोबा नेव्हर सेड एनिथिंग बॅक?"

मी कॅसेट बाहेर काढून तिच्या हातात दिली. परत कुणाला तिच्यावर रेकॉर्ड करता येऊ नये म्हणून कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाकलेला होता. पाठीवर कागदाची पट्टी, चारी बाजूंनी डिंकानं नीट चिकटवलेली, आणि तिच्यावर नकाशावर लिहितात तसल्या सरळ अक्षरात एक ओळ. मुलीला मराठी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"मुलीने पाठवली आहे. पुसू नये."

"दॅट्स इट?" ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "एवढंच."